खजिन्याची खुर्ची

माझी धाकटी जाऊ मथुरा दर मे महिन्यात मुंबईहून बोटीनं रत्नागिरीला यायची. लोकांना वाटे आंबे खायला येते. ती यायची आमच्या घराला नावं ठेवायला. बंदरावर मचव्यातून उतरतानाच तिची सुरुवात होई, आणि ओटीवर पाय ठेवीपर्यंत भिंतींचा रंग, खिडक्यांना नसलेले पडदे आणि माझं नऊवारी नेसणं, सगळ्याचा निकाल लागलेला असे. विठूभाऊजी एका आगबोट कंपनीच्या कचेरीत वर चढले, दादरला नवा ब्लॉक घेतला, आणि तेव्हापासून बाईच्या तोंडी एकच शब्द: ड्रॉइंगरूम. आम्ही ओटीवर बसायचो, झोपायचो, भांडायचो आणि कोकमं वाळवायचो. तिच्या ड्रॉइंगरूममध्ये म्हणे फक्त बसायचं, तेही टेकून नाही.

त्या वर्षी तिची नजर माझ्या झोपाळ्यावर गेली.

"वहिनी, आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेठाणींकडे अस्साच झोपाळा आहे. पितळी कड्यांचा. आता तीच स्टाइल आहे," ती कड्यांवरचे मोर कुरवाळत म्हणाली. "तुमच्याकडे काय, आंब्याची साठं वाळत घालता त्याच्यावर. मी नेते हा."

मागितलान् कुठे? नेते म्हणालीन्!

झोपाळा सासूबाईंचा. फणसाची एकसंध जाड फळी, बसून बसून गुळगुळीत झालेली. दुपारची उष्टी काढली, चूल सारवली, की मी त्याच्यावर पाय सोडून बसायची. तासभर मला कुणी हाक मारलेली चालत नसे, नवऱ्यानंसुद्धा नाही. घर सासऱ्यांचं, विहीर सामाईक, कलमं दोघा भावांची. माझं म्हणावं असं त्या घरात तो एक तास आणि ती फळी, एवढंच होतं. ती गेली तर मी बसायचं कुठे, चुलीवर?

पण नाही म्हणायची सोय नव्हती. घरावरची मंगळुरी कौलं भाऊजींनी घालून दिलेली. आमचे हे म्हणजे तर देवमाणूस. "नेऊ दे गो मालन, आपण दुसरा करू," म्हणाले. दुसरा करायला झोपाळा म्हणजे काय पापड आहे?

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची होती. भाऊजींनी तिला निघताना बजावलं होतं की पावसाआधीच्या शेवटच्या बोटीला गर्दी फार, मोठं सामान एकच आण. ती एक जागा मला झोपाळ्याऐवजी दुसऱ्या कशानं तरी भरायची होती.

"मथुरे," मी मधाळ आवाज काढला, "झोपाळा कुठे पळून जातोय? पण इथल्या बाजारात काय काय येऊन पडलंय ते तरी बघ. बदली झालेले साहेब लोक सगळं इथेच टाकून जातात. थिबा राजाच्या वाड्यातलंसुद्धा मिळतं म्हणे."

थिबा राजाचं नाव काढताच बाईनं पायात चपला घातल्या.

ब्रह्मदेशाचा तो राजा आमच्या गावात कैदेत राहिला आणि इथेच वारला. तो गेल्यावर बाजारात प्रत्येक दुकानात त्याची एक तरी खुर्ची निघाली. तेवढ्या खुर्च्यांवर बसायचं म्हणजे राजाला दहा जन्म घ्यावे लागले असते. पण गिऱ्हाईक मुंबईचं असलं की विश्वास ठेवायलाच आलेलं असतं.

रामआळीत आम्ही बिलोरी हंड्या बघितल्या. मथुरेनं टिचकी मारून सांगितलं, आवाज बरोबर नाही. संगमरवरी माथ्याचं टेबल बघितलं. पाय फार जाड. एका दुकानात काचेच्या डोळ्यांचं हरणाचं मुंडकं होतं, ते तिला आवडलं. माझ्या पोटात आशा उगवली, पण घासाघीस करताना एक डोळा तिच्या हातात आला आणि आम्ही घाईनं बाहेर पडलो. चिनीमातीची कुंडी, वेताचा पडदा, फुलं कोरलेली हातधुण्याची तिपाई, सगळ्यांना ती मान वाकडी करून बघे आणि म्हणे, "छान आहे, पण झोपाळ्याची सर नाही."

माझे पाय मोडून आले. शेवटी धनजी नाक्याजवळ गनीचाचांच्या दुकानात शिरलो. जुन्या सामानाचा धंदा करूनही खोटं न बोलणारा गावातला हा एकच म्हातारा, त्यामुळे दुकानात कायम शुकशुकाट.

आणि तिथे, कोपऱ्यात, तांदळाच्या गोणीखाली, ती खुर्ची होती.

काळंभोर शिसवी लाकूड. उंच पाठ, तिच्यावर द्राक्षांचे घोस कोरलेले. हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं. बैठकीखाली चारी बाजूंनी फळ्या बसवून पेटी केलेली. मथुरा जागीच थांबली.

मीही थांबले, पण निराळ्या कारणानं. माझे वडील इस्पितळात कंपाउंडर होते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर साहेबाच्या बंगल्यावर औषध पोचवायला जाई, तेव्हा न्हाणीघराच्या पडवीत अशीच एक खुर्ची बघितली होती. बैठकीचं झाकण उचललं की गोल भोक, खाली चिनीमातीचं भांडं, आणि सकाळी ते न्यायला मागच्या दारानं झाडूवाला येई. आजारी साहेबाला परसात जायला लागू नये म्हणून ही व्यवस्था.

"ही कितीला?" मथुरा म्हणाली.

गनीचाचा कसनुसे झाले. "बाय, ती नको. ती घरात ठेवायची नाय हो. म्हंजे घरातच ठेवतात, पन..."

"चाचा," मी मध्येच तोंड घातलं आणि त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं, "ही राजवाड्यातलीच ना?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मथुरेकडे बघितलं, दाढी खाजवली. "आता वयनी म्हनतात तर असंल," ते हळूच म्हणाले आणि तोबा तोबा करत मागल्या खोलीत निघून गेले.

मथुरेनं तोवर झाकण उचललं होतं. "अगंबाई, आत कप्पा! आणि हे गोल भोक कशाला हो?"

"खजिना," मी म्हटलं. माझी मलाच कमाल वाटली. "परक्या मुलखात राजाचा कुणावर विश्वास नव्हता. आपलं जे काही असेल ते तो बसल्या जागी वरून आत सोडायचा. रोज सकाळी एक खास माणूस येऊन ते घेऊन जाई."

"इतकं जपून?"

"पहारा असायचा बाहेर."

एवढं सगळं खरं बोलून बाईला फसवायचं, हे काही सोपं काम नाही.

संध्याकाळी हमालानं खुर्ची ओटीवर आणून ठेवली. आमचे हे कचेरीतून आले, खुर्ची बघितली, आणि पगडी काढायची विसरले. मी मथुरेच्या पाठीमागून ओठांवर बोट ठेवलं. ते तडक विहिरीवर गेले. तिथून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता. मथुरा म्हणाली, "भावोजींना काढा द्या हो."

शेवटच्या बोटीनं मथुरा गेली आणि खुर्ची गेली. मी बंदरावरून आले ती तडक झोपाळ्यावर बसले. त्या दुपारी तासाचे दोन तास झाले, आणि मी एकटीच हसत होते.

पुढे काही वर्षं मथुरेची पत्रं आली, ती स्वतः मात्र आली नाही. कधी मुलीची परीक्षा, कधी भाऊजींची प्रकृती. मग नलूचा, तिच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि आम्ही दोघं मुंबईला गेलो.

ब्लॉक माणसांनी भरला होता. मुलाकडची मंडळी सतरंजीवर बसलेली. आणि मधोमध, भिंतीला लावून, लाल मखमलीची गादी घातलेली ती खुर्ची! तिच्यावर आता व्याही बसणार, नाहीतर विहीणबाई. मी यांच्याकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"विहीणबाई," मथुरा म्हणाली, "पहिला मान तुमचा, पण आज ही जागा आमच्या वहिनींची. थिबा राजाची खुर्ची आहे ही. वहिनींनीच मला शोधून दिली. या ना वहिनी."

"अगो, मी कशाला," मी म्हटलं, "मी खाली बरी आहे."

"छे छे, मोठ्या तुम्ही!" विहीणबाई म्हणाल्या. दोघींनी मला दंडाला धरून नेलं आणि बसवलं. समोर पन्नास माणसं, सगळी माझ्याकडे आदरानं बघत होती. मी आयुष्यात इतकी ताठ कधी बसले नसेन.

मथुरा सरबताचा पेला घेऊन आली आणि माझ्या कानाशी वाकली.

"पहिल्याच पावसाळ्यात शेठाणींकडचे पारशी डॉक्टर आले होते," ती गोड हसत कुजबुजली. "खुर्ची बघून म्हणाले, घरात कोण आजारी आहे? तेव्हापासून ही गॅलरीत, वर पाण्याचं पिंप. आज खास तुमच्यासाठी धुऊन पुसून घेतली. इतकी वर्षं वाट बघत होते मी, तुम्ही कधी येता त्याची."

मी उठायला गेले. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, चांगला जड.

"आणि बरं का मंडळी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या वहिनींनी नलूला काय आहेर द्यायचं मनात आणलंय, माहीत आहे? सासूबाईंचा पितळी कड्यांचा झोपाळा! हो ना हो वहिनी?"

सगळा ब्लॉक माझ्याकडे वळला. नलू तर माझ्याकडे बघून हरखूनच गेली होती. मथुरा पुन्हा वाकली. "की सांगू यांना खजिन्याची गोष्ट? खास माणसासकट?"

मेलीचा राग आला, आणि त्याच वेळी वाटलं, शाबास! इतकी वर्षं मी तिला बिनडोक समजत होते.

"द्यायचाच आहे," मी म्हटलं. "मुलीपेक्षा झोपाळा का जास्त आहे?"

टाळ्या झाल्या. आमचे हे उपरण्यात तोंड घालून खोकत होते. काढा द्या म्हणायला या वेळी कुणी पुढे झालं नाही.

झोपाळा काढून नेला त्या दुपारी मी तुळईतल्या रिकाम्या आकड्यांकडे बघत ओटीवर बसले आणि रडले, अगदी हुंदके देऊन. कुणी मेल्यासारखं काय रडायचं, असं स्वतःलाच बजावलं, तरी रडले.

पुढच्या बोटीनं गोणपाटात गुंडाळलेलं एक मोठं धूड आलं. हमालानं निरोप सांगितला, "मुंबईच्या बाईंनी सांगितलंय, आहेराची परतभेट." मी सोडूनसुद्धा बघितलं नाही. पण पाय दुखले की माणसाचा अभिमान किती दिवस टिकणार? एका दुपारी गोणपाट काढलं, खुर्ची रिकाम्या आकड्यांखाली सरकवली आणि बसले. खरं सांगते, पाठीला उत्तम आहे. साहेबांना सुखाची जाण होती.

गेल्या शुक्रवारी नव्या मामलेदारांची बायको हळदीकुंकवाला आली. पुण्याची आहे, तिलाही घर सजवायची भारी हौस. द्राक्षांच्या घोसांवरून हात फिरवत तिनं विचारलं, "काय सुंदर खुर्ची आहे हो! कुठली?"

मी पदर सावरला. "थिबा राजाची."

"विकाल का?"

"विकायची नाही गो बाई," मी म्हटलं. "तशाच तोलाचं काही मिळालं, तर बदली देईन."

तिच्या ओटीवर शिसवी झोपाळा आहे, ते मी आदल्या शुक्रवारीच बघून आले होते.