झडपेचे टाके

माझ्या शिवणीची बंदरावर ख्याती आहे, आणि ती मीच पसरवलेली आहे. तीस वर्षं जाळी शिवतेय. माझा टाका सुटला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सूनबाईचा हात मात्र कच्चा. तिच्या टाक्यांतून मासेच काय, माझा धीरही निसटायचा. तिने शिवलेलं रोज ओढून बघायचं आणि उसवायचं, हा माझा व्यायाम होता.

मग सरकारने जाळ्यांना झडप लावायला सांगितलं. कासव जाळ्यात शिरलंच तर ते आतल्या लोखंडी गजांवर अडावं आणि झडपेतून बाहेर पडावं, कारण श्वास घ्यायला त्याला वर यावं लागतं. माझ्या दिरांची बोट आहे. त्यांचं म्हणणं, कासवाला दार उघडलं की कोळंबीही त्याच्यामागे हवा खायला निघते. तपासणीचा साहेब धक्क्यावर यायचा, फूटपट्टीने झडप मोजायचा, शेरा लिहून जायचा. त्याची पाठ वळली की भावजी जाळं घेऊन माझ्या शेडमध्ये हजर. मीही दुहेरी निळ्या नायलॉनने झडप अशी शिवायचे की साहेबाला ती शिवण सात जन्मांत सापडली नसती. कासवाचं काय होईल, हे खरं सांगते, माझ्या मनातही आलं नाही. मला हौस शिवणीची.

एका सकाळी बोट लागली आणि जाळ्यातून टेबलाएवढं कासव धक्क्यावर पडलं. मेलेलं. झडपेपाशी त्याने दोरा चावून बघितला होता, गाठींवर चोचीचे ओरखडे होते. भावजींनी ती शिवण कौतुकाने माझ्यापुढे धरली.

“वहिनी, एक टाका हलला नाही बघा.”

एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी भावजींना म्हटलं, झडप उघडीच राहू द्या. त्यांनी मला चहा घ्यायला सांगितलं. मग मी चहा घेतला आणि उशीचे अभ्रे शिवायचा सुती दोरा निळ्या रंगात बुडवला. दिसायला हुबेहूब नायलॉन, पण कासवाने डोकं लावलं की तुटणार.

महिन्याभरात झडप तीनदा उसवून आली. तिसऱ्या वेळी तर जाळं वर ओढताना कासव भावजींच्या डोळ्यांदेखत निसटलं. शेडमधल्या सगळ्या बायकांसमोर त्यांनी जाळं माझ्या पुढ्यात टाकलं.

“वहिनी, वय झालं तुमचं. हात गेला.”

जिभेवर दहा उत्तरं होती, त्यातली चार तरी चारचौघांत देण्यासारखी. मी मान डोलावली आणि हल्ली दिसतही नाही म्हणाले. बायका माझ्याकडे दयेने बघत होत्या. ती दया मला अजून सलते, कारण त्यांच्यातल्या एकीलाही धड सुई धरता येत नाही.

जाता जाता भावजींनी झडपांचं काम सुनेकडे दिलं. तिच्या हातात तर नायलॉनच होतं. त्यांची पाठ वळताच मी तिला कोपऱ्यात नेऊन सगळं कबूल केलं आणि निळ्या दोऱ्याचं रीळ तिच्या हातात ठेवलं. ती हसली नाही, हे तिचे उपकार. ते कासव तिलाही विसरता आलं नव्हतं. ती शिवायला बसली.

दुपारी सवयीने मी तिची शिवण ओढून बघितली. दोरा सुतीच होता, पण पोरीने टाके इतके जवळ जवळ घातले होते आणि प्रत्येक टाक्यावर अशी गाठ मारली होती की कासवाचा बापही बाहेर पडला नसता. थेट माझी शिवण. इतक्या वर्षांच्या माझ्या बोलण्याचं चीज झालं होतं, आणि मला रडू आलं.

मग मी कात्री घेतली आणि सगळी शिवण उसवली.

“पुन्हा घाल,” मी म्हटलं, “आधी घालायचीस तशी.”