सगळी दहाची होईपर्यंत

सुट्टी म्हणजे आराम, असं ज्याने कुणी म्हटलं त्याने सुट्टी स्वतः कधी ठरवली नसणार. रविवार होता, ऑक्टोबरचा. चर्चमधून येऊन मी कोंबडी रांधली, मक्याच्या पिठाची उगाली थापली, सगळ्यांना वाढलं, आणि शेवटी नैरोबीच्या आमच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सोफ्यावर पाय वर घेऊन टेकले. मांडीवर फोन. डिसेंबरात पोरांना घेऊन खाली किनाऱ्यावर शिमोनीला जायचं, स्कुबा करायचं, समुद्राचा तळ बघायचा, हे आमच्या घरात नऊ वर्षं चाललंय. जाणं नाही हो, ठरवणं.

"नऊ वर्षांत लोक घर बांधून त्याला दुसऱ्यांदा रंग देतात," केमुंतोचे बाबा म्हणाले. हे समोरच्या खुर्चीत दात कोरत बसले होते.

"तुम्ही बांधलंत का?"

"मी कुठे म्हणालो मी बांधलं? लोक म्हणालो. आणि मला सांग, इथे नळाला आठवड्यातून दोन दिवस पाणी येतं, आणि तुम्ही पैसे मोजून पाण्याखाली जाणार. गावी आईला कुणी सांगू नका, ती प्रार्थनेला माणसं बोलावेल."

यांना पाण्याची भीती. मोंबासाच्या फेरीबोटीवरसुद्धा डोळे मिटून उभे राहतात. आम्ही दोघंही किसीच्या डोंगरातली. आमच्याकडे पाणी म्हणजे ओढा आणि डोक्यावरचा डबा. मी तरी समुद्राच्या वाटेला कशाला जाते? पण लग्नाआधी शिमोनीच्या शाळेत नेमणूक झाली आणि पाच वर्षं तिथे काढली. तिथल्या एका नावाड्याच्या पोराला, मफ्ताहला, मी गणित शिकवलं आणि त्याच्या बापाने मला पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवलं. दोघांत जास्त कोण दमलं देव जाणे.

काय असतं खाली, असं पोरं विचारायची तेव्हा मी मासे सांगायचे, पोवळी सांगायचे, कासव सांगायचे. खरं ते सांगितलं नाही. खाली कुणी हाक मारत नाही. वर वर्गात साठ पोरं, घरी चुलीपाशी शेजारणी, आणि खाली फक्त आपला श्वास. त्यानंतर इतकं शांत मला कुठेच वाटलं नाही, चर्चमध्येसुद्धा नाही. देव माफ करो.

केमुंतो, आमची थोरली, दहाची झाली तेव्हा मी तिला म्हटलं होतं, तुला नेते. दहा पूर्ण झाल्याशिवाय पोराला समुद्रात खाली नेत नाहीत, हा नियम. पण तेव्हा बोसिबोरी चारची होती आणि मोसोती तर नुकताच जन्मलेला. मग मी म्हटलं, सगळी दहाची होऊ देत, तिघांना एकदमच नेऊ. मला तिघंही समोर हवी होती, मास्कच्या काचेमागे डोळे विस्फारलेली. एकदा, एवढंच. आयुष्यात स्वतःसाठी मी दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

आता केमुंतो एकोणीसची आहे, कॉलेजात. बोसिबोरी तेरा. मोसोती दहाला टेकलेला. म्हणून यंदा जायचं. एप्रिलच्या सुट्टीत पाऊस, ऑगस्टच्या सुट्टीत दक्षिणेचा वारा समुद्र ढवळून चहा करून ठेवतो. राहिला डिसेंबर, आणि डिसेंबर सासूबाईंचा. यंदा त्यांना नाताळला येतो म्हणून कबूल करून आधीचा आठवडा मी मागून घेतला होता. त्यासाठी तीन रविवार फोनवर गोड बोलले. जीभ दुखली.

मफ्ताहला फोन लावला. तो आता बापाच्या जागी नाव चालवतो, लोकांना खाली नेतो.

"पाया पडतो, बाई," तो म्हणाला. "याही वर्षी नुसतं विचारायलाच ना?"

"गप रे. यंदा येतोय. नाताळाआधीचा आठवडा. मी आणि तीन पोरं. यांना वाळूत ठेवू."

"वा! धाकटा झाला दहाचा?"

"होतोय ना. जानेवारीत."

"म्हणजे येताना नऊचा."

"अरे, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे!"

"बाई, नऊच्या पुढे कितीही अपूर्णांक लावला तरी त्याचे दहा होत नाहीत, हे मला कुणी शिकवलं?"

"माझंच चुकलं, शिकवायला नको होतं."

"त्याला हॉटेलच्या तलावात सिलिंडर लावून फिरवतो. समुद्रात नाही. उद्या काही झालं तर माझं परवानापत्र जाईल, आणि ते जाऊ दे, तुमच्या तोंडाकडे मी कसं बघू?"

मी डोकं मागे टेकलं. शाळा जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात उघडते. जन्मतारखेनंतर जायला दिवसच नाहीत. काहीच जुळत नाही. आणि माझ्या तोंडून, काही विचार न करता, सवयीनेच निघालं, "मग पुढच्या डिसेंबरला बघू."

"बघू," मफ्ताह म्हणाला. तो हसलासुद्धा नाही.

बोसिबोरी जमिनीवर बसून वहीला कव्हर घालत होती. तिने कात्री खाली ठेवली. "मला माहीतच होतं," ती म्हणाली. मोसोतीचं तोंड एवढंसं झालं. "माझ्यामुळे का?" तो म्हणाला, आणि रडायलाच लागला.

"तुझ्यामुळे कशाला रे, तुला काय विचारून जन्माला घातलं?" केमुंतोचे बाबा त्याला जवळ घेत म्हणाले. मग हळूच माझ्याकडे बघून, "आईला कळवू का, आम्ही लवकर येतोय म्हणून?"

"अजून फोनने कान गरम आहे हो माझा! जरा थांबाल?"

पोरांना समजवायचं म्हणून मी बोलत सुटले. एक वर्ष काय, असं जाईल. वर्षभर हातात आहे, नीट आखता येईल. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात, दुसऱ्या दिवशी बेटाजवळ. शेवटच्या दिवशी सकाळी लवकर एक बुडी मारू, एकही सकाळ वाया घालवायची नाही, मग दुपारची रेल्वे पकडू आणि जेवायला घरी.

"त्याच दिवशी वर यायचं नसतं," केमुंतो मोरीतून म्हणाली. ती भांडी घासत होती.

"ते विमानाला. आपण रेल्वेने येणार."

"विमान काय आणि रेल्वे काय, आई. नैरोबी उंचावर आहे ना. खाली असताना अंगात जो वायू मुरतो, तो उंचावर आलं की सुटायला लागतो. बुडबुडे होतात. सांध्यांत दुखतं. बुडी मारली की एक अख्खा दिवस खाली किनाऱ्यावरच थांबायचं. आपण डोंगरातली माणसं हेच विसरतो."

मला हे ठाऊक नव्हतं. कसं असणार? मी बुडी मारायचे तेव्हा राहायलाच समुद्रावर होते. वर येऊन कपडे वाळत घातले की झालं. घर उंचावर आहे हा विचार मला नऊ वर्षांत एकदाही शिवला नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"वाचलं कुठेतरी."

अहो, पंचवीस वर्षं पोरांना शिकवतेय मी. न वाचलेल्याचं 'वाचलं' मला पाठमोरंसुद्धा कळतं. मी उठून मोरीच्या दाराशी गेले. तिचा उजवा हात डाव्या कोपराला धरून होता, साबणासकट. तिला ते कळलंही नव्हतं.

मार्चमध्ये ती मैत्रिणीकडे, इथे जवळच थिकाला म्हणून गेली होती. परत आली ती हात पोटाशी धरून. मटाटूतून, त्या खचाखच भरलेल्या गाडीतून, उतरताना पडले म्हणाली. आठवडाभर मी रोज तिचं कोपर बामाने चोळलं.

"तू गेली होतीस," मी म्हटलं.

तिने नळ बंद केला. "कॉलेजच्या मुलींबरोबर. दियानीच्या किनाऱ्यावर. सकाळी बुडी मारली आणि दुपारच्या बसने निघालो. व्होईच्या पुढे चढ लागला तसं दुखायला लागलं. तिथल्या बुडी शिकवणाऱ्या मास्तरांना फोन केला तर ते ओरडले. पण मग कमी झालं."

"कमी झालं? आणि झालं नसतं तर? बसमध्ये मेली असतीस तर आम्हाला कोण सांगणार होतं? थिकाला जाऊन शोधत बसलो असतो तुला!" माझा आवाज चढला. मागे मोसोतीचं रडणं बंद झालं. "आणि मी मूर्ख, बाम लावतेय! खोटारडी कुठली! एवढी घाई झाली होती? थांबवत नव्हतं तुला?"

केमुंतो कधी उलट बोलत नाही. लहानपणापासून नाही. ती हात पुसत शांतपणे म्हणाली, "थांबले की आई. नऊ वर्षं मी दहाचीच होते."

केमुंतोच्या बाबांना बोलायला काही सुचलं नाही, असं मी दुसऱ्यांदा बघितलं, पहिल्यांदा लग्नात.

मी मागच्या अंगणात गेले. तारेवर कपडे वाळले होते, ते काढायला लागले. राग होताच, पोरगी मरता मरता वाचली याची भीती त्याहून जास्त होती, पण छातीत जे बोचत होतं ते दोन्ही नव्हतं. खरं सांगायचं तर मला हेवा वाटत होता. ती पहिल्यांदा खाली गेली तेव्हाचं तिचं तोंड दियानीच्या कुणा परक्या मास्तराने बघितलं. मी नाही. आणि ते आता मला कितीही डिसेंबर घालवले तरी मिळणार नव्हतं. हे मी माझ्याच हाताने केलं होतं, तिघांना एका मापात बसवायच्या नादात. चादर घडी न करता तशीच खांद्यावर टाकली.

खिडकीतून बोसिबोरी दिसत होती. ती पुन्हा कव्हर घालत होती. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. थोरलीचा असाच चेहरा मी वर्षानुवर्षं बघितला आणि त्याला शहाणपण म्हटलं.

मी तिथूनच फोन लावला.

"पाया पडतो, बाई. आता काय, त्याच्या पुढचा डिसेंबर?"

"मफ्ताह, लिहून घे. यंदाच. बोसिबोरी आणि मी."

"आणि बाकीचे?"

"येतील. खाली कोण जाईल ते तिथे बघू. आणि शेवटचा दिवस कोरडा ठेव. आम्हाला उंचावर जायचंय."

"ते मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "वरच्या लोकांना दर वेळी सांगावं लागतं."

आत जाऊन सांगितलं. बोसिबोरीने आधी माझ्याकडे संशयानेच बघितलं, मग किंचाळली आणि कात्रीसकट उडी मारली. मोसोतीने पुन्हा भोकाड पसरलं. "मी एकटाच वर राहू? बाबांबरोबर? ते तर डोळे मिटून बसतात!"

"ए, मी प्रार्थना करतो!" केमुंतोचे बाबा म्हणाले.

"मी थांबते तुझ्याबरोबर नावेत," केमुंतो म्हणाली. "आपण वरूनच पोहू, मास्क लावून. वरूनही दिसतं बरंच. आई, तू आणि बोसी जा खाली."

"आणि तू?"

"मी बघितलंय ना."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं, दोन शब्द मीही बोलले असते. ती घडी न केलेली चादर माझ्या खांद्यावरून काढून घेत होती. आम्ही दोघी चादरीची टोकं धरून उभ्या राहिलो. एवढी उंच कधी झाली ही? माझ्या डोळ्यांच्या वर तिचे डोळे.

"कसं होतं?" मी विचारलं.

"शांत," ती म्हणाली. "कुणी हाकच मारत नाही तिथे."

मी चादरीचं टोक घट्ट धरलं. "भीती वाटली?"

"उतरताना वाटली. खूप."

"मग? कुणी हात धरला तुझा?"

केमुंतोने थोडा विचार केला, जणू हे तिला कुणी विचारेल असं तिला वाटलंच नव्हतं. "नाही. माझ्या शेजारची मुलगी थरथरत होती," ती म्हणाली, "तिचा मी धरला."