कपाट पोचायच्या आधी

बाबांनी अट घातली तीच मुळी दार आपटावं तशी. "येईन तुझ्याकडे. पण पहिल्याच दिवशी खोलीत एकट्यानं वावरता आलं पाहिजे. कुणाचा हात धरायची वेळ आली, तर तसाच उठून वृद्धाश्रमात जाईन. फॉर्म भरून ठेवलाय." आणि वर दुसरी अट, "मी आंधळा आहे हे सामानवाल्यांना सांगायचं नाही. मला कुणाची कीव नकोय."

दोन्ही अटींना धाकट्या लेकीनं मान डोलावली. ती बाबांना दिसली नाही, म्हणून तोंडानंही "हो" म्हणाली. दुसऱ्या अटीला हो म्हणायला नको होतं. पण बाबांसमोर नाही म्हणायची या घरात कुणाची छाती झालीये?

डोळे गेल्यापासून नऊ वर्षं बाबा एकाच खोलीत राजासारखे वावरले होते. दारापासून पलंग चार पावलं. पलंगापासून कपाट सहा पावलं. कपाटाच्या कोपऱ्याला हात लावायचा, डावीकडे वळायचं, तीन पावलांवर न्हाणीघर. काठी नाही, मदत नाही, आणि चुकून कुणी खुर्ची सरकवली तर त्याची धडगत नाही.

धाकटीनं त्या जुन्या गावात घर घेतलं, ते या खोलीसाठीच. दगडी घर, दगडी गल्ल्या, पण खोली तेवढीच आणि न्हाणीघरही डाव्या हाताला. खोट एकच. जिथं कपाट यायला हवं, बरोब्बर तिथं भिंतीत एक मोकळी कमान होती आणि कमानीतून चार उभ्या पायऱ्या खालच्या कोठीत उतरत होत्या. ना दार, ना कठडा. गावच जुनं म्हणून जपलेलं, तेव्हा एक खिळा ठोकायचा तरी पुरातत्त्व कार्यालयाची परवानगी लागे, आणि ती अजून यायची होती. धाकटीनं हिशेब केला, कपाट कमानीसमोर उभं केलं की झालं! भिंतही झाली आणि बाबांची खूणही.

शहरातल्या सामान हलवणाऱ्या मोठ्या कंपनीनं गल्लीचा फोटो बघूनच हात वर केले. मग गावातलीच मंडळी ठरवली. त्यांचा मुकादम बुटका, रुंद खांद्यांचा आणि महा तिरसट. बाबा थोरल्या दादाबरोबर बाहेर गेलेले असताना तो जुन्या घरी सामान बघायला आला, तो टेप न घेता, एक लांब दोरी घेऊन. या भिंतीपासून त्या पलंगापर्यंत धरायची, गाठ मारायची, पुढं जायचं.

"टेप आणून देऊ का?" धाकटीनं विचारलं.

"आकडे मला चष्म्याशिवाय दिसत नाहीत आणि चष्मा घरी राहतो," मुकादम म्हणाला. "गाठ हाताला कळते."

"खोली जशीच्या तशी लागली पाहिजे हं. बोटभरही इकडंतिकडं नको."

"का, देव्हारा आहे का तो?"

धाकटी गप्प बसली. तिथंच घोळ झाला. कारण सांगितलं असतं तर मुकादमानं कपाट शेवटी चढवलं असतं आणि पहिलं उतरवलं असतं. सांगितलं नाही, म्हणून त्यानं धंद्याच्या रीतीनं जड वस्तू ट्रकच्या पोटात सगळ्यात आधी लोटली. म्हणजे ती बाहेर येणार सगळ्यात शेवटी.

ट्रक गावाबाहेर थांबला. तिथून पुढं हातगाडी. दुपारी दोनपर्यंत पलंग, टेबल, खुर्ची दोरीच्या गाठींवर चपखल बसले. दादा बाबांना घेऊन यायचा होता चारला. कपाट हातगाडीवर चढलं आणि गल्लीच्या वळणावर गाडीचं चाक फरशीच्या फटीत रुतलं. दोघं गडी जोर लावत होते. मुकादम दोर आणायला म्हणून पळत नव्या घरी आला, आणि त्याच वेळी दारात दादाचा आवाज आला, "आलो गं! बाबांना धीरच निघेना."



बाबा उंबऱ्यात उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, हनुवटी वर. "तयार आहे ना खोली?"

नाही म्हणायचं होतं. दोन शब्दांचं काम, 'थांबा जरा'. पण दादाच्या हातात गाडीची किल्ली तशीच होती, आणि तो वृद्धाश्रमाचा फॉर्म डोळ्यांसमोर नाचत होता. "तयार आहे बाबा," ती म्हणाली, आणि तिचीच जीभ तिला परकी वाटली.

"मग बाजूला व्हा सगळे."

ती मुकादमाकडे धावली आणि त्याच्या कानात कसंबसं पुटपुटली, "त्यांना दिसत नाही हो! ते कपाट शोधत त्या कमानीकडं जाणार!"

मुकादमाचा चेहरा पडला. "तरीच तिकडच्या घरात भिंतीवर ती हाताची काळी रेघ होती," तो हळूच म्हणाला. "अहो बाई, आधी बोलायचं नाही का!"

बाबा दारातून निघाले. एक, दोन, तीन, चार. हात खाली नेला, पलंगाची कड लागली. चेहऱ्यावर जरासं हसू आलं. वळले. एक. दोन.

मुकादमानं चपला काढल्या. अनवाणी, भिंतीच्या कडेनं तो सरकला आणि कमानीत जाऊन उभा राहिला, खोलीकडं तोंड करून. टाचा पायरीच्या बाहेर, अधांतरी. दोन्ही हात बाजूच्या दगडांना रोवलेले. धाकटीनं पदर तोंडात कोंबला. चार. पाच. दादाला आता कुठं ती कमान दिसली, तो पुढं झेपावणार तोच मुकादमानं डोळे वटारले.

सहा. बाबांनी हात पुढं केला. हात मुकादमाच्या खांद्यावर पडला.



बाबांनी खांदा चाचपला. मग दंड. मग ओला शर्ट. "कपाटाला घाम कधीपासून यायला लागला?"

"कपाट गल्लीत अडकलंय साहेब," मुकादम म्हणाला. "मी सामानवाला."

"तुझ्या मागून गार वारा येतोय. काय आहे मागं?"

मुकादमानं धाकटीकडं पाहिलं. आता तिनंच बोलायला हवं होतं. "पायऱ्या, बाबा. चार. खोली तयार नव्हती. मी खोटं बोलले." आणि तिला रडूच फुटलं. "तुम्ही परत जाल म्हणून बोलले."

"मूर्ख मुली," बाबा ओरडले. "परत गेलो असतो तर जिवंत तरी गेलो असतो! मान मोडली असती माझी!"

खांद्यावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही. मग विचारलं, "बाकी खोली कुणी लावली?"

"मीच," मुकादम म्हणाला. "दोरीवर गाठी मारून आणल्या होत्या."

"बघू."

दोरी हातात घेऊन बाबांनी एकेक गाठ अंगठ्याखालून सरकवली. दारापासून पलंग. पलंगापासून कपाट. तिथं अंगठा थांबला. मग ते डावीकडं वळले, कुणाला न विचारता तीन पावलं चालले आणि न्हाणीघराच्या कडीवर हात ठेवला. कडी वाजवून पाहिली. तसेच परत आले.

"दादा, गाडीतली माझी बॅग आण."

दादा दारातच घुटमळला. "म्हणजे, लगेच निघायचं का?"

"निघायचं कुठं? कपडे लावायचेत." मग धाकटीच्या हुंदक्याच्या दिशेनं तोंड वळवून म्हणाले, "आणि तू. यापुढं कपाट नसेल तर नाही म्हणायचं. माझी अट खड्ड्यात घाल, पण मला खड्ड्यात घालू नकोस."

"हो बाबा."

"तोंडानं नको, इकडं ये."

ती गेली. त्यांनी तिचा हात धरला. नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही घट्ट.

बाहेर गल्लीत चाक निघाल्याचा आवाज झाला. गडी ओरडत होते. मुकादमानं एक पाय उचलला.

"तू कुठं निघालास?" बाबा गरजले. "कपाट येईपर्यंत तिथून हलायचं नाही."