अकरा सुटी ब्लँकेटं

माझ्या थोरल्याला बोलायचा पाचपोच नाही, हे मी सुनेला लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. मागाहून तक्रार नको. चार वर्षांचा असताना त्याला शेजारच्या आजारी आजोबांना भेटायला नेलं, तर दारातूनच म्हणाला, "हे अजून आहेत?" तेव्हा सगळे हसले, खुद्द आजोबाही हसले. आता सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालाय, बोट कंपनीच्या चौकशीच्या खिडकीत बसतो आणि आता त्याच्या बोलण्याला कुणी हसत नाही.

बोट संध्याकाळी सुटली आणि पहाटेच्या आत बुडाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या खिडकीसमोर माणसांचा समुद्र. थोरल्याच्या हातात कंपनीने दिलेली यादी. नाव विचारायचं, यादीवरून बोट फिरवायचं, आहे किंवा नाही सांगायचं, एवढंच काम. दुपारी एक बाई आली. तिची एकोणीस वर्षांची मुलगी त्या बोटीने मावशीकडे जायला निघाली होती, ती पोचली नव्हती. यादीत तिचं नाव नव्हतं. बाई हटेना. तेव्हा आमचे चिरंजीव म्हणाले, "यादीत नाही म्हणजे बोटीत नव्हती. एकोणीस वर्षांची मुलगी पोचली नाही की दर वेळी बोटच बुडालेली असते असं नाही, बाई. कुणाबरोबर गेलीय ते आधी मैत्रिणींना विचारा."

खिडकीत त्याच्या मागे बसलेला एक जण फिसकन हसला. रांगेतल्या कुणीतरी हे सगळं फोनमध्ये धरलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर केलं.

सुनेने मला दाखवलं. मी तीनदा बघितलं. पहिल्यांदा वाटलं, हा आवाज त्याचा नाही. दुसऱ्यांदा वाटलं, दमलाय बिचारा. तिसऱ्यांदा मी फोन सुनेच्या हातात दिला आणि मशीनमधल्या चादरी काढायला गेले, कारण काहीतरी पिळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी लोक उठले ते आमच्यावरच. खिडकीच्या काचेला काळा रंग फासला. न्हाव्याने थोरल्याला अर्धी दाढी झाल्यावर ओळखलं आणि उरलेली अर्धी करायला नकार दिला, तसाच घरी आला. सून शाळेत शिकवते, तिच्या वर्गातल्या चार मुलांच्या आया मुख्याध्यापकांकडे गेल्या. आमच्या लॉन्ड्रीच्या शटरवर कुणीतरी खडूने 'दगड' लिहिलं. मी ते ओल्या फडक्याने पुसलं. मग मासळीबाजारातल्या बायका आल्या, वीसेक तरी होत्या.

"कुठाय तुमचा शहाणा? काढा बाहेर!"

मी दारात उभी राहिले. हातात कपडे ढवळायचं दांडकं होतं, मुद्दाम घेतलेलं नव्हतं, पण खाली ठेवलंही नाही. म्हटलं, "माझा मुलगा चुकला असेल तर त्याला बोलायला मी आहे. तुम्हाला पगार कोण देतंय?"

"जनाची नाही तर मनाची तरी ठेवा, म्हातारे!"

"म्हातारी असेन, बहिरी नाही. हळू बोल."

त्या गेल्या. आत येऊन मी थोरल्याला विचारलं, "काय रे, झालं काय होतं तुला?"

"अगं आई, सकाळपासून चारशे माणसं. पाण्याचा घोट नाही. साहेबांनी सांगितलं होतं, यादी सोडून एक शब्द बोलायचा नाही."

"मग यादी सोडून एवढे शब्द आले कुठून?"

तो उठून आतल्या खोलीत गेला. मला वाटलं लाजला. पोटचं पोर म्हणजे आपण काहीही मानून घेतो.

आता लॉन्ड्रीचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. बंदराच्या मागच्या रस्त्यावर आमचं दुकान. बोटीच्या चादरी, उशांचे अभ्रे, ब्लँकेटं आम्ही धुतो, चोवीस वर्षं झाली. ज्यांचं झोपायच्या जागेचं तिकीट असतं त्यांचं सामान दुपारीच गठ्ठे बांधून जातं. पण आयत्या वेळी धावत येणारेही असतात. त्यांना तिकीट खिडकीवर मिळत नाही. बोटीवरचा तपासनीस त्यांना शिडीवरून वर घेतो, उघड्या डेकवर बसवतो आणि बोट सुटल्यावर तिकीट फाडतो. सुटायच्या आधी पाव तास तो आम्हाला फोन करून आकडा सांगतो, तेवढी सुटी ब्लँकेटं आम्ही पाठवायची. थोरल्याची पाळी तेव्हाच संपते, म्हणून नेतो तोच. त्या माणसांची नावं तपासनिसाच्या वहीत राहतात आणि बोट परत आली की कंपनीच्या यादीत चढतात. इतकी वर्षं असंच चाललंय. बोट परत आलीच नाही तर काय, हा विचार कुणी केला नाही. मीही नाही.

पाचव्या दिवशी ती बाई दुकानात आली.

मी तिला लगेच ओळखलं. फोनमध्ये तिची पाठच दिसते, पण पाठीवरून बाई ओळखता येते. मी कंबर कसून उभी राहिले. मनात म्हटलं, आता शिव्या देईल, आणि मी ऐकून घेईन, एका हद्दीपर्यंत.

तिने शिव्या दिल्याच नाहीत. "तुम्ही त्यांच्या आई ना?" म्हणाली.

"हो."

"मला त्यांच्याशी भांडायचं नाही. बसू का जरा?"

मी स्टूल पुढे केलं. ती शिवणकाम करणारी, घरीच मशीन टाकून बसते. टेबलावर धुतलेल्या अभ्र्यांचा ढीग होता. बोलता बोलता तिने एक उचलला आणि घडी घालायला लागली. मग दुसरा. आपण काय करतोय हे तिला कळत होतं असं मला वाटलं नाही. कोपऱ्याला कोपरा असा जुळवायची, की मला माझ्या कामाची लाज वाटावी.

"बाहेर लोक तुमच्या मुलाला शिव्या देतात," ती म्हणाली. "माझ्यासमोर जास्तच देतात. मग माझ्याच दाराबाहेर उभे राहून एकमेकांना विचारतात, खरंच कुणी होता का हो तिचा? माझ्या सख्ख्या जावेने काल विचारलं."

मी पुढचा अभ्रा तिच्याकडे सरकवला.

"समुद्रात सापडलेली माणसं हॉस्पिटलमध्ये ठेवलीत. ओळख पटवायला आत जायचं तर पास लागतो. यादीत नाव असलं तरच पास. चार दिवस मी फाटकापर्यंत जाते आणि परत येते. पोलिसांकडे गेले तर म्हणाले, हरवल्याची तक्रार करा, पळून गेलेल्यांचा कागद वेगळा असतो." तिने अभ्रा ढिगावर ठेवला. "ती दवाखान्यात शिकत होती. ड्युटी संपायला उशीर झाला असणार, तिथूनच थेट बोटीवर जाणार होती. फोनचं चार्जिंग ती नेहमी संपवूनच ठेवायची. तुमच्या मुलाला एवढंच विचारा, आयत्या वेळी कुणी धावत आलं असेल तर घेतात का हो वर? निळी पाठपिशवी होती तिच्याकडे."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. त्या संध्याकाळी फोन मीच घेतला होता. तपासनीस म्हणाला होता, "आजी, अकरा सुटी पाठवा, आज गर्दी आहे." मी माझ्या हाताने अकरा मोजून थोरल्याच्या खांद्यावर टाकली होती.

त्या बाईला मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, आधी घरच्या माणसाला विचारू, त्याच्या तोंडून निघू दे. पुढे काय झालं ते तुम्ही वाचालच, पण तो एक दिवस त्या बाईचा मी खाल्ला, हे माझ्या नावावर लिहून ठेवा.

दुपारी थोरला जेवायला बसला होता. समोर पाण्याच्या भांड्याला टेकवून कंपनीने लिहून दिलेला कागद. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सभागृहात त्याने सगळ्यांसमोर माफी मागायची होती. घासागणिक एकेक ओळ पाठ करत होता.

"अकरा ब्लँकेटं कुणाला दिलीस?" मी विचारलं.

त्याचा हात थांबला. "कुठली?"

"माझ्यासमोर कुठली म्हणू नकोस. मी मोजलीत."

"तपासनिसाला दिली. तोंडं कोण बघतंय?"

"निळ्या पाठपिशवीची मुलगी होती का त्यात?"

सून भाजीचं पातेलं घेऊन आली ती तशीच दारात उभी राहिली. थोरल्याने कागद घडी करून खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

"होती," म्हणाला. "शिडी उचलत होते. ती धावत आली, धाप लागलेली. मीच ओरडलो, थांबा, एक आहे. ब्लँकेट माझ्याच हातून घेतलं तिने. थँक्यू काका म्हणाली."

"आणि तिची आई तुझ्यासमोर आली तेव्हा?"

"निळी पिशवी म्हणाली ना ती. तेव्हा मला…" त्याने ताट बाजूला सारलं. "साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं. यादीतली माणसं तेवढीच बोटीवर होती. डेकवर कुणी नव्हतं. जास्त माणसं घेतली असं निघालं तर कंपनी बुडाली. मी हो कसा म्हणणार? आणि ती बाई जाईचना, आई. तिला घालवायचं होतं. तोंडाला आलं ते बोललो."

मी जन्मभर समजत आले, याच्या जिभेला हाड नाही एवढंच. हा बोलताना विचार करत नाही. त्या दिवशी कळलं, त्या खिडकीत तो विचार करूनच बोलला होता.

"उद्या सगळ्यांसमोर सांग," मी म्हटलं.

"प्रकरण जरा निवू दे. मग साहेबांना एकट्यात गाठून सांगतो."

"ती बाई रोज फाटकापर्यंत जाऊन परत येते."

"बघतो, आई."

"बघू नकोस. सांग."

"बघतो म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह खच्चून भरलेलं. मासळीवाल्या बायका पुढच्या रांगेत. फोटोवाले उभे. साहेब मंचावर, करड्या सुटात, चेहरा उतरवून, तो उतरवायलाही आरशासमोर बसला असेल. थोरला उभा राहिला आणि त्याने कागद वाचला. कागद चांगला होता, खोटं कशाला बोलू. 'माझ्या शब्दांनी दुखावलेल्या प्रत्येक कुटुंबाची', 'माझ्या स्वरातला कठोरपणा', 'एक बाप म्हणून'. शेवटी त्याचा आवाज फाटला आणि तो खरा फाटला होता, मी त्याची आई आहे, मला कळतं. पुढच्या रांगेतली एक बाई नाक पुसत म्हणाली, "जाऊ दे गं, माणूसच आहे तो पण." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबाने पाण्याचा घोट घेतला. पाच दिवसांचा राग एका कागदावर निवाला.

मग मधल्या रांगेतून ती शिवणकामवाली उठली. माफीबद्दल ती काही बोललीच नाही.

"माझी मुलगी बोटीवर होती का?" एवढंच विचारलं.

थोरल्याने साहेबाकडे बघितलं. साहेबाने बघितलंच नाही, बाटलीचं झाकण लावत बसला. थोरला म्हणाला, "यादीची तपासणी चालू आहे."

बाई खाली बसली. आणि मी उभी राहिले. माझे गुडघे वाजले ते सुनेला ऐकू गेले, तिने माझा पदर धरला. मी तो सोडवला.

"कागद ठेव खाली," मी म्हटलं. मला माईक लागत नाही, मशीनच्या घरघरीत बोलून बोलून आवाज तयार झालाय. साहेब उठला, "आजी, आपण नंतर…" म्हणाला. "तुम्ही पाणी प्या," मी त्याला म्हटलं आणि पुन्हा थोरल्याकडे वळले.

"या बाईंची मुलगी बोटीवर होती. तिच्यासाठी तू शिडी थांबवलीस. ब्लँकेट तुझ्या हातून गेलं. असे अकरा जण होते, आणि तुमच्या यादीत त्यातला एकही नाही. हे तू काल जेवताना मला सांगितलंस आणि आज यांनी विचारलं तेव्हा गिळलंस. लोक तुला उद्धट म्हणाले, तू उद्धटपणाची माफी मागितलीस, सगळे घरी जायला मोकळे झाले. उद्धट माणूस मी सेहेचाळीस वर्षं सांभाळलाय, मला त्याचं काही नाही. पण तुझी खुर्ची वाचावी म्हणून तू एका मेलेल्या पोरीला पळून गेलेली ठरवलंस, आणि तिच्या आईला तिला शोधूही दिलं नाहीस. हे तोंड चुकल्याचं काम नाही, हे तू केलंयस. आता इथेच, सगळ्यांसमोर, कोण कोण शिडी चढलं ते आठवेल तेवढं सांग. नोकरी जाईल, जाऊ दे, तुला इस्त्री करता येते. आणि तुझ्याने नसेलच होत, तर आत्ता या बाईंना घेऊन मी हॉस्पिटलच्या फाटकावर जाते. पास मागितला तर सांगेन, नाही. तुम्ही कोण विचारलं तर सांगेन, ज्याने हिला खोटं पाडलं, त्याची आई."