तळाचं पाणी धाकटीला

मी फळी बोलतेय. हो, लाकडाची साधी फळी. नदीकाठच्या पाटाच्या दारात उभी, अर्धी पाण्यात, अर्धी झोपेत. शाळा मी लांबूनच पाहिली, तेव्हा चुकलं-माकलं पोटात घाला.

आधी मी पलंगात होते. दोघी बहिणी माझ्यावर निजायच्या, लाथा मारून जागा वाटून घ्यायच्या. लग्नं झाली, पलंग मोडला. त्यांचा दादा पाटाची दारं सांभाळायला लागला, त्यानं मला इथं आणून बसवलं.

दारं दोन. एक थोरलीच्या पाटाचं, तिची पाणचक्की. दुसरं धाकटीच्या पाटाचं, तिची रोपवाटिका. मी धाकटीच्या दारात. दादा मोठा न्यायी! दोघींना सारखंच माप. फक्त थोरलीला पाणी फळ्यांच्या वरून, धाकटीला माझ्या पोटाखालून.

आता गंमत ऐका. वरच्या अंगाला एक खारा झरा नदीत उतरतो. खारं पाणी जड, तळाशी लोळत येतं. गोडं वरून जातं, झोपेत चालल्यासारखं. खारं मला गुदगुल्या करून जायचं. मी डुलायचे. माणसांना कुठला पत्ता!

धाकटीची रोपं कडेनं करपली. "दादा, पाणी कमी पडतंय रे." दादानं मायेनं मला आणखी वर ओढलं. खारं आणखी गेलं, रोपं आणखी जळली. शेवटचा वाफा उरला. तो गेला की रोपवाटिका बंद.

एकदा पानावर पांढरं दिसलं म्हणून तिनं बोट लावून चाटलं. पाटाच्या पाण्याचा चहा केला आणि दादाला नि थोरलीला दारापाशी बोलावून पाजला. कार्टी लहानपणापासून तशीच!

थोरली थू थू करत उठली. "अगं, साखरेऐवजी मीठ घातलंस?"

"मी कशाला घालू? दादा पाठवतोय."

दादाचं तोंड उतरलं. "अगं, पण माप सारखंच आहे!"

"मला निम्मं दे. पण वरचं दे."

"आणि खारं मी घेऊ?" थोरली फणकारली.

"तुझ्या चाकाला जीभ आहे का गं ताई? माझं उरलेलं निम्मंही तुझ्याच चाकाला."

"आणि आम्ही प्यायचं काय?"

"माझ्या पाटातून ने. रोज यावं लागेल मात्र."

थोरलीनं कपातला उरलेला चहा पाटात ओतला. मग म्हणाली, "घागर जड होते गं. उचलू लागशील ना?"

दादानं थोरलीच्या फळ्या वर ओढल्या, मला खाली रेटलं. आता मी गाळात पाय रोवून आहे, डोक्यावरून गोडं पाणी सरकतं. वाफा तगला, त्याला नवी पालवी आली. थोरली रोज येते. धाकटी मुद्दाम काहीतरी काम काढून तिला ताटकळत ठेवते. तीही शहाणी, कळूनही बसून राहते.

माझा कोपरा कुजलाय. बदला खुशाल. पण त्या दोघी बोलत बसल्या असतील तेव्हा नको हं. आणि नव्या फळीला एवढं सांगा: तळाशी घट्ट बसायचं, आणि वरचं बोलणं निवांत ऐकायचं.