पंपाच्या खोलीतला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो. आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तू उसासे टाकतात, गेलेल्या दिवसांच्या आठवणी काढतात, असे तुम्ही वाचले असेल. थोडे उसासे मीही टाकीन. पण माझ्या तोंडात एकदा बोळा कोंबला गेला होता, आणि ज्याच्या तोंडात बोळा कोंबतात त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कोणी ठेवू नये.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका लांबट कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला असे आणि बोटांच्या टोकांना पितळेचा वास येई. त्यांनी माझ्या घशात पोलादाचा पातळ पडदा बसवला, मागे तारेचे वेटोळे ठेवले आणि मला परीक्षेला नेले. परीक्षा अशी होती की अंगणाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस कानांत कापूस घालून, पाठ करून उभा राहायचा. मी वाजलो की त्याने हात वर करायचा. त्याने पहिल्याच खेपेला हात वर केला. तरी मावशींनी मला नापास केले.

"गोड वाजतोय हा," त्या म्हणाल्या. "गोड नकोय मला. माणूस पुढचं ताट सोडून उठला पाहिजे."

त्यांनी मला चार वेळा नापास केले. पाचव्या वेळी त्या माणसाने हात वर केला नाही. तो दचकून दोन पावले पळाला. मावशी हसल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर आपली खूण ठोकली. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

मला एका मालवाहू जहाजावर पाठवले गेले. ते साधे जहाज नव्हते. त्याच्या पोटात तेलावर चालणारे इंजिन नव्हते, तर एक अणुभट्टी होती. तिच्या उष्णतेने पाण्याची वाफ व्हायची आणि त्या वाफेवर जहाज चालायचे. एकदा इंधन भरले की वर्षानुवर्षे बघायला नको. भट्टीची उष्णता वाहून नेणारे पाणी जाड नळांतून सतत फिरत असे, आणि ते फिरवणारे दोन पंप शेजारच्या खोलीत होते. माझी नेमणूक त्या पंपाच्या खोलीत झाली.

मित्रांनो, ते पाणी बाहेर येता कामा नये. त्याच्याबरोबर किरण येतात. त्या किरणांना रंग नाही, वास नाही आणि अंगाला त्यांचा चटकाही जाणवत नाही. साप दिसतो, आग दिसते, पण हे ओळखायला माणसाला इंद्रियच दिलेले नाही. म्हणून भिंतीवर एक मापक पेटी बसवली होती. किरण वाढले की तिला कळायचे, आणि तिला कळले की मी ओरडायचे. एवढेच माझे काम.

जहाज समुद्रात जाण्याआधी एक निरीक्षक बाई तपासणीला आल्या. उंच, सडपातळ, पायांत जाड बूट. किती किरणांना पेटीने इशारा द्यायचा ती पातळी त्यांनी स्वतः तपासली आणि कोणी ती बदलू नये म्हणून तारेत शिशाचे सील अडकवले. मग त्यांनी सगळ्या खलाशांना उभे करून नियम वाचून दाखवला. किरण वाढले की भोंगा वाजला पाहिजे. तो वाजताच खोलीतल्या प्रत्येकाने बाहेर पडावे, दार लावावे आणि जवळच्या बंदराला कळवावे. कारण सापडल्याशिवाय कोणी आत जाऊ नये.

"कळलं?" बाईंनी विचारले.

"कळलं," सगळे म्हणाले. मुख्य इंजिनिअर सर्वांत मोठ्याने म्हणाले.

पंपांची देखभाल करणाऱ्या माणसाला सगळे बुवा म्हणत, कारण तो काम करताना सतत गुणगुणत असे. गळा बेताचा होता, पण हौस दांडगी. रोज सकाळी पंप पुसून झाले की तो माझ्यावरूनही फडके फिरवी आणि विचारी, "काय राव, घसा बरा आहे ना?" त्या जहाजावर माझी चौकशी करणारा तो एकटाच होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्याचाच फार राग आला.

पहिल्या वर्षी मी एकदा वाजलो. एका पंपाच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी झिरपत होते. बुवा हातातले सोडून बाहेर धावला, दार लागले, बंदराला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी कप्तान स्वतः खाली आले आणि मला थोपटून म्हणाले, "शाब्बास." सांधा बदलायला हवा होता. पण नवा सांधा मागवायला वेळ लागेल म्हणून जुनाच आवळला गेला. आवळलेला सांधा पुन्हा सैल झाला. मी पुन्हा वाजलो. मग पुन्हा.

प्रत्येक वेळी बंदरवाले जहाजाला लांब समुद्रात थांबवू लागले. त्यांचे बरोबरच होते. बंदरामागे त्यांचे गाव होते, गावात शाळा होत्या. एकदा आम्ही नऊ दिवस बाहेर नांगर टाकून उभे होतो आणि फळांनी भरलेले एक अख्खे कोठार नासले. त्याचा वास पंपाच्या खोलीपर्यंत येत होता.

त्यानंतर कंपनीचा माणूस जहाजावर आला. इस्त्रीचा सदरा, हातात रुमाल. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि मुख्य इंजिनिअरांना म्हणाला, "फारच हळवा आहे हो हा भोंगा."

मित्रांनो, त्या शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सांधा गळत होता आणि हळवा मी?

"पातळी थोडी वर नेता येईल का?" त्याने विचारले.

"पेटीला सील आहे. तोडलं तर बाई विचारतील."

"मग भोंग्याला?"

इंजिनिअर माझ्याकडे बघत म्हणाले, "भोंग्याला सील नाही."

दोन दिवसांनी जहाजावरच्या कार्यशाळेतून एक गोल पत्रा कापून आला. बरोबर माझ्या तोंडाच्या मापाचा, चार बोल्टांसाठी चार भोके पाडलेला. तो बसवायचे काम बुवाला सांगितले गेले.

"साहेब, मग ऐकू कसं येणार?" बुवाने विचारले.

"दिवा आहे ना लाल? पेटीवरही लागतो आणि वर नियंत्रण खोलीतही लागतो की. आणि नुसता पत्रा लावलास तर खडखडेल. आधी आत काहीतरी कोंब."

बुवाने पत्रा हातात घेऊन उलटसुलट केला. मला वाटले, हा नाही म्हणेल. इतकी वर्षे ज्याचा घसा पुसला त्याच्या तोंडात हा माणूस बोळा घालणार नाही. पण त्याने चिंध्यांच्या टोपलीतून आपल्याच जुन्या सदऱ्याची एक बाही उचलली, तिची गुंडाळी केली आणि माझ्या घशात दाबून बसवली. त्याने माझ्याकडे बघितले नाही. चार बोल्ट आवळले आणि वरून पांढरा रंग दिला. त्या दिवसापासून तो पंप पुसायचा, पण माझ्यावरून फडके फिरवायचा नाही. मी आता दिसतही नव्हतो.

त्यानंतर मी किती वेळा वाजलो ते कोणालाच ठाऊक नाही. वरच्या नियंत्रण खोलीतला लाल दिवा इतक्यांदा लागे की तिथल्या माणसाने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवायची सवय लावून घेतली होती. बंदराला निरोप जाणे बंद झाले. सगळे मूग गिळून बसले आणि जहाज वेळेवर पोहोचू लागले. कप्तानांना कंपनीकडून कौतुकाचे पत्र आले.

मग एके दिवशी दुपारी, जेवणे झाल्यावर, तो सांधा फुटला.

पाणी धारेने आले नाही. त्याचा बारीक फवारा उडाला, थंडीत तोंडातून वाफ निघावी तसा. बुवा दुसऱ्या पंपामागे जमिनीवर पालथा पडून एक नट आवळत होता. पेटीवरचा लाल दिवा त्याच्या पाठीमागे होता. पंपांच्या घरघरीत त्याला ती सूक्ष्म फुसफुस ऐकू आली नाही. पेटीने मला सांगितले आणि मी ओरडलो. मावशींनी दिलेला सगळा जोर लावून ओरडलो. पत्र्याबाहेर जे गेले ते डासाच्या गुणगुणण्याइतके होते.

चाळीस मिनिटे मी ओरडत होतो आणि चाळीस मिनिटे बुवा गाणे गुणगुणत काम करत होता. मित्रांनो, याहून वाईट काही माझ्या आयुष्यात घडले नाही.

शेवटी तो पाना घ्यायला सरकत बाहेर आला आणि त्याला लाल दिवा दिसला. तो उठला. दाराकडे पळण्याआधी त्याने एक विचित्र गोष्ट केली. माझ्या झाकणावर तळहात ठेवला. पत्रा थरथरत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटले ते मला सांगता येणार नाही. मग तो बाहेर पडला आणि त्याने दार लावले. आत दुसरे कोणी जाऊ नये म्हणून तो दाराला पाठ लावून बसून राहिला.

जहाज बंदराला लागण्याआधी इंजिनिअरांनी घाईघाईने झाकण काढायला लावले. बोल्टांच्या भोकांत लांबी भरून ती बुजवली, वरून रंग फासला. ज्याला हे काम दिले त्याला बोळ्याचे ठाऊक नव्हते. तो घशातच राहिला. निरीक्षक बाईंनी येऊन मला वाजवून पाहिले, तर मी घोगरा, अर्धमेला वाजलो. त्यांनी मला भिंतीवरून उतरवले, पिशवीत घातले आणि पिशवीला सील लावले.

तीन आठवड्यांनी चौकशी झाली. लांबलचक टेबल, पाण्याचे पेले, वर फिरणारे पंखे. कंपनीचा वकील उठला आणि म्हणाला की चूक भोंग्याची आहे, भोंगाच सदोष बनवलेला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ते हेच. माझ्यासाठी मावशींना बोलावले होते. त्या आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवरची आपली खूण चाचपली, गळ्यातला चष्मा लावला, विजेरीने माझ्या घशात पाहिले आणि एक वाकडी तार मागितली. तारेने त्यांनी ती बाही ओढून काढली. मनगटाचे बटण अजून तिला शिवलेले होते.

"हा माझ्या कारखान्यातला भाग नाही," मावशी म्हणाल्या.

वकिलाने क्षणभरही वाया घालवला नाही. "ही बाही कोणाची?"

बुवा खुर्चीत शाल पांघरून बसला होता. त्याचे केस गळले होते. "माझी," तो म्हणाला. "मीच कोंबली. साहेबांनी सांगितलं, पण हात माझे होते."

"साहेबांनी सांगितलं याचा लेखी पुरावा?"

"नाही."

तेव्हा निरीक्षक बाईंनी जहाजाच्या कार्यशाळेची वही उघडून टेबलावर ठेवली. त्यात एक ओळ होती: भोंग्याच्या आवाजासाठी झाकण, एक. खाली मुख्य इंजिनिअरांची सही.

मला वाटले, संपले. आता हा माणूस मान खाली घालेल. पण इंजिनिअरांनी पाण्याचा घोट घेतला आणि ते शांतपणे म्हणाले, "बाई, नियमात लिहिलंय की भोंगा वाजला पाहिजे. तो वाजला. तो ऐकू आला पाहिजे, असं कुठं लिहिलंय ते दाखवा."

बाईंनी नियमांचे पुस्तक उघडले. पुढची पाने पाहिली, मागची पाहिली. त्यांचे कान लाल झाले. तसे कुठेही लिहिलेले नव्हते. लिहिणाऱ्यांना वाटले असेल, इतके काय लिहायचे, कोणालाही कळेल.

बंदराला कळवले नाही एवढ्या गुन्ह्यासाठी इंजिनिअरांचा परवाना एक वर्ष रद्द झाला. कंपनीने जहाज विकले. त्याच्यावर दुसरे नाव रंगवले गेले आणि दुसऱ्या देशाचे निशाण लावून ते अजून माल वाहते आहे. बुवा अपघातानंतर चौथ्या महिन्यात गेला. त्याच्यावरचा माझा राग गेला का, असे विचाराल तर नाही गेला. पण भरल्या सभेत 'हात माझे होते' म्हणणारा तो एकटाच निघाला, आणि ज्यांनी नुसते तोंडाने सांगितले त्यांचे हात आजही स्वच्छ आहेत. या गोष्टीचा राग त्याहून कितीतरी मोठा आहे.

निरीक्षक बाईंनी नियमात एक ओळ वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. भोंगा खोलीतल्या प्रत्येक माणसाला, तो कोठेही असला तरी, ऐकू आला पाहिजे आणि त्याच्यावर काहीही झाकता येणार नाही. त्या एका ओळीसाठी दोन वर्षे सभा चालल्या. कोणी म्हणे 'प्रत्येक' शब्द कडक आहे, कोणी म्हणे 'काहीही' फार मोघम आहे. बाई प्रत्येक सभेला मला पिशवीतून घेऊन जात. शेवटी ओळ मंजूर झाली. वाचायला तिला एक श्वास पुरतो.

आता मी बाईंच्या कार्यालयात कपाटावर असतो. गेल्या वर्षी बुवाची बायको कसलासा कागद न्यायला आली होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

"हाच का तो?"

"हाच," बाई म्हणाल्या.

"हे घरी आले की याचा आवाज काढून दाखवायचे. मुलगी खिदळायची." मग ती म्हणाली, "एकदा वाजवता का?"

बाईंनी दार लावले, मला वायर जोडली आणि बटण दाबले. शेजारच्या खोलीत कोणाचा तरी पेला पडून फुटला. बाईंनी कान झाकले. तिने झाकले नाहीत. ती पूर्ण एक मिनिट माझ्यासमोर उभी होती. मी थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "एवढा मोठा आवाज आहे."

बाईंनी माझी वायर काढून ठेवली.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी जहाज चालवाल, कोणी नियम लिहाल, कोणी नुसतेच कोणाच्या तरी हाताखाली काम कराल. तुमच्याही भिंतीवर कोणीतरी कर्कश ओरडणारा असेल. तो तुमचे जेवण बिघडवील, तुम्हाला उशीर करील, चारचौघांत लाज आणील. तो हळवा नसतो. त्याला तेल द्या, त्याच्यावरची धूळ पुसा. आणि त्याचे तोंड बंद करायला तुम्हाला कोणी सांगितले, तर ते ओळखीचे साहेब असोत की सख्खा भाऊ असो, आपले हात मागे घ्या.

मला कपाटावर ठेवून माझे कौतुक करू नका. माझ्या जागी त्या जहाजावर आज कोण आहे, आणि त्याच्या तोंडावर काय आहे, ते कोणीतरी जाऊन बघा.