गुरुवारचा मोकळा रस्ता

मी एक जुनी लेडीज सायकल आहे. माझा रंग कधीकाळी लाल होता, हे आता फक्त मलाच माहीत आहे!

मित्रांनो, माझा जन्म पंजाबातल्या कारखान्यात झाला. पिंपरीच्या एका दुकानात मी वर्षभर छताला टांगून होते. मग एका ख्रिस्ती मिशनने मला घेतले आणि दूरदूरहून सेवेला येणारी माणसे माझ्यावर बसू लागली. दोन वर्षांसाठी यायची आणि निघून जायची. त्यांतली झोरामी माझी सर्वांत लाडकी. ती मिझोरामची. कंपन्यांच्या भागात, महाळुंग्यात राहायची आणि संध्याकाळी पाच वाजता जवळच्या कुरुळी गावात कामगारांच्या मुलांचा अभ्यासवर्ग घ्यायची. निघताना माझी सीट थोपटून म्हणायची, "चल गं बाई!" एवढ्या कौतुकावर मी सगळे खड्डे सोसत असे.

तिच्या दोन वर्षांतले शेवटचे चार महिने उरले आणि तिला नुसती घाई सुटली. प्रत्येक घरी जायचे, प्रत्येकाला भेटायचे, असे तिने ठरवले. सकाळी एक वस्ती, दुपारी दुसरी. कंटेनरच्या धुरात माझी चेन काळीठिक्कर पडली, मागचे चाक दोनदा पंक्चर झाले. मला खरेच राग आला होता.

त्यातच वर्गाच्या खोलीचे मालक सोपानराव म्हणाले, "बाई, तुमी गेल्यावर शिकवाया कोण हाय का? नसंल तर मी खोलीत भाडेकरू ठेवतो." मिशनकडे दुसरे माणूस नव्हते. सव्वीस मुलांचा वर्ग बंद पडणार होता. त्या दिवशी झोरामी माझ्यावर बसलीच नाही, मला हाताने ढकलत घरी आली.

शेजारची दीक्षा दारात उभी होती. ती बारावी झालेली. कंपनीत पहिल्या शिफ्टला जायची आणि साडेतीनला सुटायची. सगळे ऐकून ती म्हणाली, "मी घेते की वर्ग. पण ताई, आधीच सांगते, आम्ही जयभीमवाले. तुमची प्रार्थना मला घेता यायची नाही."

"पाढे घेता येतात ना?" झोरामी म्हणाली. "मग झालं!"

अडचण एकच होती. कुरुळीच्या टमटमचा काही नेम नसतो, आणि बत्तीस वर्षांच्या दीक्षाने सायकलला कधी हात लावला नव्हता.

झोरामीने भेटीगाठींची यादी फाडून टाकली. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते, रस्ते रिकामे असतात. दर गुरुवारी दीक्षाला सायकल शिकवायची आमची शाळा भरू लागली. दीक्षाची सासू गिरजाबाई कडेला बसून टोमणे मारायची, "आगं, म्होरं बघ! चाकाकडं काय बघतीस?" दीक्षा किती वेळा पडली ते मी मोजले नाही, पण माझी बास्केट तेव्हाच चेपली.

सहाव्या गुरुवारी ती सुटली! कंपनीच्या कुंपणाला एक फेरी झाली, दुसरी झाली. दीक्षा आनंदाने ओरडत होती. तिसऱ्या फेरीला ते ओरडणे बदलले, कारण थांबायचे कसे, हे घाईघाईत झोरामीने शिकवलेच नव्हते. गेटवरचा वॉचमन "ताई, ब्रेक दाबा, ब्रेक!" म्हणून बोंबलत होता. शेवटी गिरजाबाई पदर खोचून, म्हैस अडवावी तशी, दोन्ही हात पसरून रस्त्यात उभी राहिली. आम्ही तिघीही गवतात पडलो. झोरामी तर हसून हसून खालीच बसली. इतके हसणे मी आयुष्यात ऐकले नव्हते.

पुढचे दोन महिने दीक्षा मला चालवायची आणि झोरामी मागे कॅरिअरवर बसायची. वर्गातही दीक्षा फळ्यापाशी असायची आणि झोरामी मुलांत, मागे.

जायचा दिवस सोमवार होता. निरोप सकाळीच झाले होते. स्टेशनला निघालेली तिची रिक्षा सव्वापाचला कुरुळीत थांबली. मी खोलीच्या दाराशी टेकून उभी होते. आत सतराचा पाढा चालला होता. झोरामी दारापर्यंत आली, आणि आत गेली नाही. मुलांनी तिला पाहिले असते, तर वर्ग मोडला असता. ती उभ्या उभ्या पूर्ण पाढा ऐकत राहिली. मग डोळे पुसत, हसत, तिने माझ्या सीटवर हात ठेवला आणि ती गेली. आत एकानेही मान वर केली नाही.

मित्रांनो, तुमच्या जिन्याखाली एखादी सायकल धूळ खात असेल. तिला तेल द्या, हवा भरा, आणि ज्याला वेळेवर कुठे पोचता येत नाही, अशा माणसाच्या हाती तिचे हँडल द्या. मला मात्र आता निघू द्या. साडेचार वाजून गेले आहेत, आणि कुरुळीत एकतीस मुले वाट पाहत आहेत.